वांग पुन्हा पुन्हा उमटतात तेव्हा: उपचाराचा योग्य क्रम

गोव्याच्या फोंडा शहरातील माझ्या फार्मसीच्या काउंटरवर वर्षातून दोन वेळा एकच मागणी वाढते, एकदा एप्रिल-मे महिन्यांत आणि दुसऱ्यांदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपून पंधरा दिवस झाले की. गालांवरचे, कपाळावरचे किंवा वरच्या ओठावरचे तपकिरी डाग, म्हणजे वांग, पुन्हा गडद झालेले असतात आणि मोबाइलमध्ये मागच्या वर्षीच्या रिकाम्या ट्यूबचा फोटो असतो. ‘हीच द्या, हिनेच गेले होते,’ असे सांगितले जाते. वास्तविक ते डाग गेलेले नव्हते, फक्त फिकट झाले होते. वांगांमध्ये त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी चेतवलेल्या अवस्थेत राहतात, आणि थोडे ऊन, थोडी जळजळ किंवा संप्रेरकांतील थोडा बदल झाला की त्या पुन्हा रंग ओतू लागतात.

औषध बहुतेक वेळा बरोबर असते. क्रम उलटा असतो. रंग उतरवणारी क्रीम सर्वांत आधी सुरू होते, ऊन अडवण्याचा विचार शेवटी येतो आणि चेहरा उजळला की सगळेच एका दिवसात बंद होते. खाली तो क्रम सरळ करून दिला आहे. यात जी औषधांची नावे आली आहेत ती डॉक्टरांची चिठ्ठी समजावी म्हणून दिली आहेत. ती वाचून औषध मागायला येऊ नये, ही कळकळीची विनंती.

टप्पा १: चेहऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू टेबलावर मांडा

नवीन काहीही विकत घेण्याआधी, गेल्या महिन्याभरात चेहऱ्याला, कपाळाला किंवा केसांना लागलेली प्रत्येक वस्तू एकत्र करावी: क्रीम, फेसवॉश, साबण, सुगंधी तेल, केसांचा रंग, कुंकू, टिकल्यांचे पाकीट, दाढीनंतरचे लोशन, आणि रोज चालू असलेल्या सर्व गोळ्या. प्रत्येकीच्या मागच्या बाजूचा, घटकांची नावे वाचता येतील असा फोटो काढून ठेवावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि पुढच्या तीन महिन्यांचा उपचार बहुधा याच अर्ध्या तासावर ठरतो.

प्रथम ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन किंवा डेक्सामेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्या क्रीममध्ये स्टेरॉइड आहे. अशी क्रीम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा झपाट्याने उजळवते, म्हणूनच ती घरोघर फिरते. एक बाई त्यांच्या जाऊबाईंनी दिलेली ट्यूब जवळजवळ तीन वर्षे पावडर लावावी तशी रोज लावत होत्या. काउंटरच्या उजेडात त्यांच्या गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढली होती आणि क्रीम दोन दिवस न लावल्यास चेहऱ्याची आग होत होती. वांग मात्र जागच्या जागी होते. अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ साली ‘शेड्यूल एच’मध्ये घेतली गेली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही आमच्याच व्यवसायातील काही जण ती नुसत्या मागणीवर देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

*इशारा:* स्टेरॉइड असलेली क्रीम महिनोन्महिने लावली असेल तर ती स्वतःच्या मनाने एका दिवसात सोडू नये. चेहरा लाल होऊन भडकतो, आणि त्या त्रासाला घाबरून माणूस पुन्हा त्याच क्रीमकडे वळतो. ती कशी उतरवायची हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

घटक, उत्पादकाचे नाव किंवा परवाना क्रमांक छापलेला नसलेली गोरेपणाची क्रीम मात्र त्याच दिवशी बाजूला काढावी आणि डॉक्टरांना दाखवायला डबी जपून ठेवावी. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली मूत्रपिंडाच्या विकाराचे काही रुग्ण आढळले, आणि त्या विकाराचा संबंध अशाच गोरेपणाच्या क्रीमशी लागला होता. शहरातून कोणी भेट म्हणून आणली, हे काही तिच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे.

*पडताळणी:* टेबलावर एकही अशी वस्तू उरता कामा नये, जिच्यात काय आहे हे तुम्हाला सांगता येत नाही.

टप्पा २: डाग खरोखर वांगांचेच आहेत का, ते पाहा

वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे येतात. दोन्ही गालफडे, कपाळ, नाकाचा कणा, वरचा ओठ आणि काही जणांत जबड्याची कड या त्यांच्या जागा आहेत. त्यांना खाज नसते, आग नसते, आणि बोट फिरवल्यास त्वचा सपाट लागते. यापेक्षा वेगळे काही आढळल्यास कारण बहुधा दुसरे असते, आणि अशा वेळी वांगांचा उपचार करणे म्हणजे वेळ आणि त्वचा दोन्ही वाया घालवणे होय.

मान आणि गालफडे काळसर, जाडसर व मखमलीसारखी लागत असतील, तर रक्तातील साखर आणि वजन यांकडे आधी पाहावे लागते. कानशिलांवर आणि केसांच्या रेषेलगत करडा-काळा रंग चढला असेल तर केसांच्या रंगावर संशय घ्यावा. नेमक्या कुंकवाच्या जागी काळेपणा असेल तर महिनाभर कुंकू थांबवून पाहावे. मुरमे फोडल्यानंतर राहिलेले डाग विखुरलेले असतात, त्यांना दोन्ही बाजूंची जुळणी नसते. न्हाणीघरात घासणीने किंवा खरखरीत पंचाने रोज तोंड घासणाऱ्यांच्या गालफडांवरही हाड जिथे वर येते तिथे काळेपणा धरतो.

आपल्याकडची दोन कारणे मुद्दाम सांगायला हवीत. काजूच्या हंगामात घरी बिया भाजताना टरफलातील तेलाचे शिंतोडे तोंडावर उडाले, किंवा त्या तेलाचा हात गालाला लागला, तर त्वचा भाजते आणि जखम भरल्यावरही काळा डाग महिनोन्महिने टिकतो. दुसरे कारण लिंबू. लिंबाच्या रसात, आणि त्याहून अधिक सालीत, अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर तिथे भाजल्यासारखे होऊन गडद पट्टा उठतो. डाग घालवण्यासाठी लिंबू चोळून अंगणात कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईंच्या गालावर रस ओघळल्याच्या रेषेत उमटलेला पट्टा मी पाहिला आहे. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांना चेहऱ्यावर अजिबात जागा नाही. बेसन-हळदीचा लेप त्या मानाने निरुपद्रवी, परंतु तो वाळल्यावर खसाखसा घासून काढण्याची जी सवय आहे, ती वांगांना वाढवते.

टप्पा ३: पहिला फोटो आणि डॉक्टरांची भेट

रोज आरशात पाहणाऱ्याला बदल कळत नाही. म्हणून एक खिडकी, एक वेळ आणि एक अंतर ठरवून समोरून, डावीकडून व उजवीकडून असे तीन फोटो काढावेत. पावडर नको, मोबाइलचा चेहरा उजळवणारा पर्याय बंद असावा. दर महिन्याच्या १ तारखेला हेच तीन फोटो पुन्हा काढायचे आहेत.

त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. बांबोळीच्या गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे. जवळच्या आरोग्य केंद्रातून तिथली चिठ्ठी घेऊन जाता येते. जाताना टप्पा १ मधील फोटो न्यावेत आणि चार गोष्टी न विचारता सांगाव्यात: गर्भधारणा आहे किंवा ठरवली आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, थायरॉइडचा त्रास आहे का, आणि पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ कधी झाली होती का. डॉक्टर विशिष्ट दिव्याखाली त्वचा पाहून रंग वरच्या थरात आहे की खोल आहे याचा अंदाज घेतात. खोल रंग उतरायला अधिक वेळ लागतो, आणि हे आधीच कळले तर पुढे निराशा कमी होते.

*इशारा:* गर्भनिरोधक गोळ्यांमुळे वांग वाढू शकतात, परंतु त्या परस्पर बंद करू नयेत. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून दुसरा उपाय ठरल्यावरच त्या बदलाव्यात.

टप्पा ४: पहिले चार आठवडे फक्त ऊन अडवा आणि त्वचा शांत करा

हाच टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो, म्हणून येथे जरा थांबतो. रंग उतरवणारी औषधे त्वचेला थोडीफार चुरचुरवतात. आधीच चिडलेल्या त्वचेवर ती लावली आणि वरून ऊन चालू राहिले, तर त्या जळजळीतूनच नवा रंग तयार होतो. डॉक्टरांनी औषध लगेच सुरू करायला सांगितले नसेल, तर निदान चार आठवडे चेहऱ्याला तीनच गोष्टी द्याव्यात: सौम्य, सुगंधविरहित फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

सनस्क्रीन निवडताना एसपीएफ ३० किंवा ५० आणि पीए+++ किंवा त्याहून अधिक (ऊन किती अडते हे सांगणाऱ्या ट्यूबवरील खुणा), हे तर पाहावेच. पण वांगांसाठी त्वचेच्या रंगाची छटा असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन घ्यावे. कारण असे की अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत वांग गडद करतो, आणि साधे बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. छटा गालावर नव्हे, जबड्याच्या कडेवर लावून दिवसाच्या उजेडात जुळवावी. रंग जुळला नाही की माणूस ते चार दिवसांत सोडून देतो.

प्रमाणाबाबत काउंटरवरचा हिशेब सांगतो. चेहऱ्याला एका वेळी साधारण १ ग्रॅम सनस्क्रीन लागते, आणि मान-कान धरले तर त्याहून अधिक. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढल्या की पुरेसे होते. दिवसातून दोनदा लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब महिना पुरा व्हायच्या आतच संपते. जी ट्यूब जानेवारीत नेली आणि मे महिन्यात अजून अर्धी आहे, ती लावलीच गेली नाही, असेच मी समजतो. एवढा खर्च सर्वांना झेपत नाही, हे मला ठाऊक आहे. तसे असेल तर रुंद काठाची टोपी, दाट विणीची ओढणी आणि छत्री यांवर अधिक भर द्यावा आणि महागडी ‘नाइट क्रीम’ यादीतून काढावी. सनस्क्रीन काढू नये.

घराबाहेर पडण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी पहिला थर लावावा. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर किंवा पोहून आल्यावर लगेच, तो पुन्हा लावावा. स्कूटरवरून जाताना हेल्मेटने कपाळ झाकले जाते, पण गालफडे आणि नाक उघडेच राहतात. मोटारीच्या बाजूच्या काचांतून ‘यूव्हीए’ प्रकारचे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, म्हणून वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांचा उजवा गाल अधिक काळवंडलेला दिसू शकतो. समुद्रकिनाऱ्यावर छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि फेसाळ पाणी सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत उडवते.

आता चवथीनंतर डाग का वाढतात, ते पाहू. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो: एकदा मे महिन्याच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. ऑगस्टच्या त्या दिवसांत आभाळ भरलेले असते, त्यामुळे छत्री पावसापुरतीच उघडते आणि सनस्क्रीन कपाटात जाते. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतच असतो, आणि मध्येच उघाड पडली की ते ऊन सरळ वरून लागते. चवथीच्या आधी बाजारहाट, माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीसाठी) रानफळे-पाने गोळा करणे आणि मागोमाग स्वयंपाकघरातील धग, हे सर्व त्याच आठवड्यांत येते. चुलीजवळच्या उष्णतेनेही अनेकांचे वांग गडद होतात. तेव्हा तळणीच्या वेळी तोंड कढईवर धरू नये, पंखा किंवा खिडकी चालू-उघडी ठेवावी आणि मध्ये मध्ये चेहऱ्यावर गार पाण्याचा हात फिरवावा.

दिवसातील सर्वांत प्रखर वेळ आपल्याकडे दुपारी १२ नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास असते. मोबाइलवरील हवामानात ‘यूव्ही इंडेक्स’ (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ किंवा त्याहून अधिक दिसला की संरक्षण हवेच. मोबाइल जवळ नसेल तर स्वतःची सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोपर्यंत आडोसा शोधावा.

*पडताळणी:* चार आठवड्यांनंतर तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी किंवा आग झाल्यासारखी वाटत नाही, आणि सनस्क्रीनची एक ट्यूब संपत आली आहे, या दोन्ही गोष्टी साधल्या असतील तरच पुढे जावे.

टप्पा ५: औषध सुरू करताना

एका वेळी एकच औषध सुरू करावे, म्हणजे त्रास झाल्यास कशामुळे झाला ते कळते. रात्री तोंड धुऊन, त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर वाटाण्याएवढे मलम घ्यावे. ते फक्त डागांवर लावायचे की सर्व चेहऱ्याला, हे डॉक्टरांना विचारावे, कारण ते औषधागणिक बदलते. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ सोडावेत. ट्रेटिनोइनसारखे औषध बहुधा आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून वाढवत नेतात. पहिल्याच दिवसापासून रोज लावून सालपटे काढणे ही घाई नेहमी महागात पडते.

चिठ्ठीवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असलेली क्रीम असेल, तर तिच्यावर सुरुवातीची तारीख पेनाने लिहावी आणि बंद करण्याची तारीखही डॉक्टरांकडून त्याच वेळी लिहून घ्यावी. ही क्रीम थोड्या आठवड्यांसाठीच असते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यास काही जणांत त्वचेवर निळसर-काळा, खडबडीत रंग बसतो, आणि तो मूळ वांगांपेक्षा काढायला कितीतरी कठीण असतो. अॅझेलेइक अॅसिड, कोजिक अॅसिड, नियासिनामाइड, ‘क’ जीवनसत्त्वाचे सिरम ही त्या मानाने सौम्य आणि सावकाश काम करणारी द्रव्ये आहेत. दोन औषधांच्या मधल्या काळात त्यांचा उपयोग होतो.

ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळीबद्दल हल्ली फार विचारणा होते. पाळीत जास्त रक्त जाऊ नये म्हणून दिली जाणारी हीच ती गोळी आहे. वांगांसाठी ती कमी मात्रेत, ठराविक मुदतीपर्यंत दिली जाते आणि कित्येकांना तिचा चांगला उपयोग होतो. परंतु ती रक्ताची गाठ विरघळू देत नाही, म्हणून पूर्वी गाठ झालेल्यांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना किंवा हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी मी कोणालाही देत नाही, आणि कोणी दिली तरी घेऊ नये.

केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि लेझर यांकडे टप्पा ४ नीट पार पडल्याखेरीज वळू नये. सावळ्या त्वचेत जोरकस पील किंवा लेझरनंतर तीच जागा आधीपेक्षा काळी पडण्याचा धोका असतो, आणि लग्नाला महिना उरला असताना असा प्रयोग करणे तर टाळावेच.

*गरोदरपणात:* हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन दोन्ही टाळतात. सनस्क्रीन, टोपी आणि मॉइश्चरायझर चालू ठेवावे. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचे डाग आपोआप फिकट होतात. अॅझेलेइक अॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते.

*पडताळणी:* पहिला निर्णय ८ ते १२ आठवड्यांनी करावा, त्याआधी नव्हे. पंधरा दिवसांत औषध बदलणाऱ्यांना कोणतेच औषध लागू पडत नाही. मात्र सतत आग, सूज, पाणी सुटणे किंवा डाग झपाट्याने काळा होणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे.

टप्पा ६: चेहरा उजळल्यानंतर काय चालू ठेवायचे

येथेच सर्वांत मोठी चूक होते. डाग फिकट झाले की ट्यूब आणि सनस्क्रीन एकाच दिवशी संपतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा रिकाम्या ट्यूबचा फोटो येतो. जोरकस औषध डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला उतरवावे, त्याच्या जागी सौम्य औषध आठवड्यातून ठराविक रात्री चालू राहावे, आणि सनस्क्रीन पावसाळ्यासह बाराही महिने लावावे.

दिनदर्शिकेवर दोन खुणा कराव्यात. फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुका, जत्रा आणि काजूचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, नवी ट्यूब आणि टोपी हाताशी असावी. दुसरी खूण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करावी, आणि तेव्हा घामा-पावसात टिकणारे सनस्क्रीन आणावे. डॉक्टरांची फेरतपासणी शक्यतो याच दोन वेळी ठेवावी.

१ तारखेचे फोटो चालूच राहतील. एकामागोमाग दोन महिन्यांच्या फोटोंत डाग गडद दिसला, तर रंग उतरवणारी क्रीम शोधण्याआधी त्या दोन महिन्यांत काय बदलले ते लिहून काढावे: नवी गोळी, केसांचा नवा रंग, कामाची नवी वेळ, बसमधील खिडकीची बाजू, घरात आलेली एखादी बिननावाची डबी. तो कागद, फोटो आणि चालू असलेल्या ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावे.